फुंकर मारायची नाही

साबणाच्या डबीत बसली पाहिजे, एवढीच अट.
पाटी तापकीर गल्लीतून आणलेली, चार बाय सहा,
एका अंगाला तांबं, दुसऱ्या अंगाला पिवळट काच.
दुकानदार म्हणाला, कापून मिळणार नाही, ताई,
घरी कापणार असाल तर जपून.
जपून म्हणजे कसं, ते नाही सांगितलं.
माझ्यामागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

ते सांगून ठेवलं होतं बागवान सरांनी,
औंधच्या आयटीआयत, एकवीस वर्षांपूर्वी.
वर्गात मुली दोनच, मी आणि शकुंतला भोईटे.
सर आधी भोसरीला एका कारखान्यात होते.
वाक्य अर्ध्यावर सोडून खोकायचे
आणि परत त्याच शब्दापासून उचलायचे.
"हे लाकूड नाही. काचेचे धागे आहेत,
राळेत बुडवून थापलेले.
करवत लावलीत की सुटतात. दिसत नाहीत.
छातीत शिरले की जुन्या पेठेतले भाडेकरू,
निघता निघत नाहीत."
आम्ही हसलो होतो. तेही हसले, मग खोकले.

आज धायरीत, गॅलरीत, पंखा बंद.
कालचा पेपर ओला करून पसरला,
पहिल्या पानावरचे मंत्री लगेच मऊ पडले.
मास्क कापडी नाही, दोन पट्ट्यांचा, गाल आवळणारा.
लेकीचा प्रॅक्टिकलचा गॉगल.
पाटीवर स्टीलची पट्टी, दोन्ही टेबलाला क्लॅम्पने जखडलेल्या,
डावा हात पात्याच्या वाटेतून बाजूला.
पहिल्या पाच रेघा हलक्या, नुसती ओळख.
मग जोर, पण घाई नाही.
पातं घसरायचंच असेल तर रिकाम्या जागी घसरावं,
माझ्याकडे नको.
बारा, तेरा, चौदा.
उलटवून पुन्हा तेवढ्याच, बरोबर त्याच रेघेवर.

खाचेत पांढरी पूड साचली
आणि मास्कच्या आत माझे ओठ
आपोआप गोल झाले.

काय करू, जन्मभराची सवय.
उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर,
चहावर, खरचटलेल्या गुडघ्यावर,
रिमोटच्या सेलवर, देवाच्या फोटोवर.
कुणाचं काही दुखलं की आमच्याकडे
औषधाआधी फुंकरच निघते.
"फुंकर मारायची नाही," सर म्हणायचे,
"ओलं फडकं. टिपायचं, झटकायचं नाही."
एवढं एकच वाक्य ते न खोकता बोलायचे.

आम्हाला वाटायचं, विडी ओढत असतील.
बोपोडीत त्यांच्या मयतीला गेले तेव्हा
त्यांचा भाऊ म्हणाला, विडी?
रफीकनं उभ्या आयुष्यात विडी हातात धरली नाही.
अकरा वर्षं पाट्या कापायचा,
आणि रेघ दिसावी म्हणून
दर दोन मिनिटांनी फुंकर मारायचा.

टिपलं. फडकं घडी घालून पिशवीत.
खाच टेबलाच्या कडेवर आणली,
वरून फळी दाबली,
बाहेरच्या अर्ध्यावर तळहात टेकवला.
टक्.
पापड मोडावा तसा आवाज.
कडेला थोडं कुसळ राहिलं, तांबं चमकलं.

उद्या हिच्यावर भोंगा बसेल,
गच्चीवरची टाकी भरली की ओरडणारा.
टँकरचं पाणी पायऱ्यांवरून वाहिलं
की आमचे सेक्रेटरी नोटीस लावतात,
नाव न घेता, पण तिसरा मजला असं ठळक लिहून.
तिसऱ्या मजल्यावर मीच राहते.

पेपर तसाच आत दुमडून, पिशवीला गाठ.
कोपरापर्यंत हात धुतले गार पाण्यानं.
मास्क उतरवला, गॉगल काढला,
पाटी डबीत ठेवून झाकण लावलं.

बसेना.
एक मिलिमीटर जास्त.

जास्त असलेलं बरं, सर म्हणायचे,
घासता येतं. कमी पडलं तर काय करणार?
टबात पाणी घेतलं, पॉलिश पेपर भिजत टाकला.
गालांवरचे वळ अजून गेले नव्हते.
त्यांच्यावरच परत पट्ट्या चढवल्या.